क्षार, आम्ल आणि उदक : उपकरणींच्या शुद्धीचा इतिहास

धर्मशास्त्राच्या ग्रंथांतील जी प्रकरणे आज फारसे कोणी उघडत नाही, त्यांत ‘द्रव्यशुद्धी’ हे एक होय. आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांवर वाद घालणारे पंडित पुष्कळ झाले. परंतु उष्टावलेले काशाचे ताट कशाने घासावे, तेलाने माखलेली समई कशाने उजळावी, लोकरीची कांबळी कोणत्या पाण्यात बुडवावी, हे विचारणे त्यांना बहुधा हलके वाटत असावे. ज्यांच्या घरी देवाची उपकरणी रोज घासली जातात, त्या वाचकांना मात्र तसे वाटण्याचे कारण नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अशौचाचा विषय संपला की लगेच हे प्रकरण सुरू होते, आणि तेथे स्मृतिकार एखाद्या अनुभवी गृहिणीसारखा बोलू लागतो. सोने, रत्ने आणि दगडाची भांडी यांना राख, पाणी आणि माती पुरे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांना ज्याचे त्याला योग्य असे क्षार, आम्ल आणि पाणी लावावे. यज्ञातील लाकडी पात्रे हाताने पुसावीत, स्निग्ध झालेली ऊन पाण्याने धुवावीत. मातीचे भांडे पुन्हा भाजावे. जमीन झाडून, सारवून, शिंपून, खरवडून आणि गाईंना तेथे बसवून शुद्ध करावी. आणि या सर्वांच्या वर एक व्यवहारी कसोटी : लागलेल्या पदार्थाचा लेप आणि वास जाईपर्यंत माती व पाणी चालू ठेवावे.

ही शेवटची कसोटी लक्षात घेण्यासारखी आहे. शुद्धी म्हणजे केवळ मंत्र आणि प्रोक्षण, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. स्मृतिकाराने मात्र ती कसोटी हाताला आणि नाकाला लावून दिली आहे.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायातही हेच प्रकरण थोड्या संक्षेपाने येते, आणि त्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरेत सविस्तर भाष्य केले आहे. विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्य दरबारातील, सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) काळचा पंडित. ती कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. वारसाहक्काच्या बाबतीत मिताक्षरा पुढे इंग्रजी न्यायालयांपर्यंत पोहोचली, म्हणून तिचे नाव सर्वांना ठाऊक. तिच्यातील भांडी घासण्याचा भाग कोणत्याही न्यायालयात गेला नाही, म्हणून तो कोणास ठाऊक नाही! महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात शुद्धीच्या विषयाला यथायोग्य जागा दिली आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

आता या ‘क्षार’ आणि ‘आम्ल’ शब्दांनी प्रत्यक्षात काय घ्यायचे, हे ग्रंथापेक्षा स्वयंपाकघर अधिक चांगले सांगते.

क्षार म्हणजे मुख्यतः चुलीतील राख. कोकणीत राखेला ‘गोबर’ म्हणतात, आणि इंदूर-ग्वाल्हेरकडील आपले वाचक हा शब्द ऐकून दचकतात, कारण तिकडच्या हिंदीत गोबर म्हणजे शेण. शब्दांची ही अदलाबदल गमतीची आहे. दोन्ही पदार्थ मात्र शुद्धीच्याच कामाचे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. केळीच्या सालीची आणि सोपटाची राख त्या दृष्टीने विशेष तीव्र, म्हणून कपडे धुण्याच्या खारासाठी ती जुन्या काळी मुद्दाम जाळून ठेवीत. ओली राख तेलकट भांड्यावर घासली की तिच्यातील क्षार तेलातील आम्लाशी संयोग पावून एक प्रकारचा मऊ साबण जागच्या जागीच तयार होतो, आणि राखेचे बारीक कण काजळी खरवडतात. म्हणजे साबण विकत आणण्यापूर्वी आपल्या घरांत साबण नव्हता असे नाही. तो रोज सकाळी समईच्या पोटात तयार होत असे आणि तेथेच धुऊन टाकला जात असे.

दुसरा क्षार मातीतला. मनूने ज्याला ‘ऊष’ म्हटले ती पांढरी खारवट माती, जी उत्तरेत रेह या नावाने ओळखतात. वऱ्हाडात लोणारच्या सरोवराचे पाणी आटले की काठावर खाराचे थर बसतात. अकबराच्या काळी अबुल फजलने आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारजवळ काच आणि साबण करण्यास लागणारे पदार्थ मिळतात, अशी नोंद केली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस साबण हा या देशात बनणारा जिन्नस होता, हे यावरून स्पष्ट होते. तो इंग्रजांबरोबर आला, हा समज चुकीचा आहे. शब्द मात्र दूरचा : लॅटिन ‘सापो’पासून अरबी ‘साबून’ आणि पोर्तुगीज ‘साबाँव’ असे दोन फाटे निघाले, आणि आपल्या किनाऱ्यावर ते दोन्ही येऊन भेटले.

आम्लाच्या बाबतीत गोमंतक आणि कोकण यांची समृद्धी अन्य प्रांतांना हेवा वाटावी अशी. चिंच तर सर्वत्रच. तिच्या गरातील मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक आम्ल, जे द्राक्षांतही असते. इतर फळे पिकली की त्यांचे आम्ल ओसरते. चिंचेतले हे आम्ल फळ पिकल्यावरही तसेच राहते, म्हणून पिकलेली चिंच गोड होऊनही आंबटपणा सोडीत नाही. बरणीत मिठात घालून ठेवलेली चिंच दोन वर्षांनी काळी पडली की ती आमटीत जात नाही, तांब्याच्या घागरीकडे वळते. ही व्यवस्था काटकसरीची म्हणून सांगतात, पण तिच्यात त्याहून अधिक अर्थ आहे. तांब्यावर चढलेला काळपट थर म्हणजे तांब्याचा ऑक्साइड. तो आम्लात विरघळतो, खालचे शुद्ध तांबे मात्र अशा सौम्य आम्लास सहसा दाद देत नाही. मिठातील क्लोराइड विरघळलेल्या तांब्याला धरून ठेवते आणि काम झपाट्याने होते. म्हणून मिठाची जुनी चिंच ताज्या चिंचेहून सरस, हे आजीबाईंनी रसायनशास्त्र न शिकता ठरविले होते.

कोकणात चिंचेच्या जोडीला भिरंड, म्हणजेच कोकम. सोले काढून झाल्यावर उरलेला चोथा आणि जुनी पडलेली आमसुले भाणाच्या पोटाला चोळतात. भाण म्हणजे स्नानाचे पाणी तापविण्याचे ते मोठे तांब्याचे भांडे, जे गोव्याच्या जुन्या घरांत न्हाणीच्या चुलीवर कायमचे बसविलेले असे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या औषधीविषयक संवादांच्या ग्रंथात चिंचेला एक स्वतंत्र संवाद दिला आहे, आणि भिरंडेचाही ‘ब्रिंदाँव’ या नावाने उल्लेख केला आहे. हे नाव म्हणजे आपल्या भिरंडेचेच पोर्तुगीज उच्चारण. तिच्या सालीपासून शिरका करीत, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. गोमंतकातील वनस्पतींची छापील नोंद इतक्या लवकर व्हावी आणि ती एका परक्या वैद्याने करावी, याचा अभिमान धरावा की खंत, हे वाचकांनी ठरवावे.

तिसरे बिंबल. परसातल्या या झाडाच्या फळांचा आंबटपणा असा की लोणच्यापलीकडे त्याचा उपयोग सुचू नये. तरीही कपड्यावरील लोखंडाचा तांबूस डाग काढण्यास त्याच्या तोडीचे दुसरे फळ नाही. कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल गंजातील लोहाला पकडून पाण्यात नेते. चिंचेला ते इतके चांगले साधत नाही. लिंबू मधले; तेही चालते, परंतु कोकणच्या घरांत लिंबू विकत घ्यावे लागे आणि बिंबले झाडाखाली पडून कुजत, तेव्हा निवड अवघड नव्हती.

या सर्वांत क्रमाला फार महत्त्व आहे. समईला आधी चिंच लावली तर ती फुकट जाते, कारण तेलाचा पापुद्रा आम्लाला धातूपर्यंत पोहोचू देत नाही. आधी राखेने आणि नारळाच्या सोडणाने तेल काढावे, मग चिंच, मग भरपूर पाणी, मग लगेच कोरडे फडके आणि ऊन. स्मृतीतही क्षार प्रथम, आम्ल त्यानंतर आणि उदक शेवटी येते. श्लोकाच्या मात्रांसाठी तसे झाले असेल असे कोणी म्हणेल. मला मात्र तो क्रम घासणाऱ्या हातांकडून ग्रंथात गेला, असेच वाटते. शेवटच्या पाण्यात कुचराई केली तर उरलेले आम्ल धातू खात राहते आणि दुसऱ्या दिवशी हिरवे जंगाल दिसू लागते. पितळेच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट फार वेळ ठेवले तर जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठावर तांबूस झाक येते. अशा समईला पुन्हा सोन्यासारखा पिवळेपणा आणण्यासाठी तो विटलेला थर राखेने घासून काढावाच लागतो, म्हणजे थोडी समई पाण्याबरोबर वाहून जाते. काशाला तर आंबट लावूच नये, राखेनेच घासावे, हा दंडक सर्वश्रुत आहे.

चांदीचा प्रकार अगदी वेगळा, आणि येथे मनूचे निरीक्षण पाहून थक्क व्हावे लागते. चांदीवरील काळेपणा हा गंधकाच्या संयोगाने येतो. चिंचेला तो जुमानत नाही. मनू सांगतो की ज्याला काही लागलेले नाही असे सोन्याचे पात्र, शंख-पोवळ्यांसारखे पाण्यात उपजलेले पदार्थ, दगडी पात्र आणि नक्षी नसलेली चांदी केवळ पाण्याने शुद्ध होतात. ‘नक्षी नसलेली’ ही अट त्याने का घातली? कारण नक्षीच्या खाचेत मळ अडकतो आणि तो काढण्यास घासावे लागते. आमच्या देवळांतील चांदीच्या प्रभावळी, मखरे, पालख्यांचे पत्रे आणि गर्भागाराची दारे ही सारी उठावाच्या कामाची आहेत. तेथे खडूची पूड, रांगोळी किंवा विभूती घेऊन जो हात दरवर्षी फिरतो तो मळाबरोबर मोराचा डोळा, वेलीचे पान आणि द्वारपालाचे नाक यांनाही थोडे थोडे नेतो. रिठ्याच्या पाण्यात मऊ कुंचल्याने धुणे हा जुन्या सोनारांचा मार्ग त्या मानाने कितीतरी सौम्य.

रिठ्याचे नाव आले म्हणून वस्त्रांविषयी थोडे. मनूने लोकर आणि रेशीम यांस ऊष, पहाडी कांबळ्यांस अरिष्टक म्हणजे रिठे, झिरझिरीत वल्कलवस्त्रांस बेलफळ आणि क्षौम वस्त्रांस पांढरी मोहरी सांगितली आहे. आपल्या घरांतील सोवळ्याचे मुकटे आणि पैठण्या, तशाच इंदूरकडच्या महेश्वरी साड्या, खारमातीने कोणी धूत नाही, रिठ्यानेच धुतात. क्षाराने रेशमाचा तंतू खरखरीत होतो, रिठ्याच्या फेसाने होत नाही, कारण त्यातील सॅपोनिन हे द्रव्य क्षाराशिवायच मळ सोडविते. येथे स्वयंपाकघराने ग्रंथाला मागे टाकले, असे म्हणण्यास हरकत नाही.

ग्रंथांनी एक गोष्ट मात्र सांगितलेली नाही, आणि ती सांगितल्यावाचून हा इतिहास लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कशाने घासावे हे लिहिले. कोणी घासावे, ते लिहिले नाही. घरी ते काम सुनांनी केले. गोमंतक आणि दक्षिण कोकणातील देवळांत दिवे घासणे, वाती करणे, अंगण झाडणे ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या भाविणींकडे होती, आणि त्या सेवेच्या बदल्यात समाजाने त्यांना काय दिले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल होता आणि तेथील सुधारणेचे काम बव्हंशी त्या समाजातील कर्त्या पुरुषांनी व स्त्रियांनी गोमंतक मराठा समाजाच्या रूपाने स्वतः उभे केले. आज आपण ज्या दीपमाळा आणि लामणदिवे ‘वारसा’ म्हणून दाखवितो, ते उजळ राहिले ते त्या हातांमुळे. त्या हातांना चिंच कशी भिजवावी, राख कोणत्या चाळणीने चाळावी, याचे जे ज्ञान होते ते कोणी लिहून घेतले नाही.

विलायती साबणाच्या वड्या १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. सोवळे पाळणाऱ्या घरांनी चरबीच्या संशयाने त्या बराच काळ दूर ठेवल्या, आणि १९१८ च्या सुमारास गोदरेज यांनी वनस्पती-तेलाचा साबण काढला तेव्हा ही शंका पुष्कळ अंशी मिटली. १९५९ साली सर्फ, १९६९ साली अहमदाबादेत निरमा. येथवर कपड्यांचा प्रश्न सुटला. भांड्यांची राख त्यानंतरही टिकून होती. तिला घालविले ते साबणाने नव्हे, गॅसच्या शेगडीने. चूल गेली, राख गेली. स्टील आले, चिंचेचे काम कमी झाले. शहरांत आता राख पाकिटातून विकत मिळते, आणि ती घेणाऱ्यांच्या आज्यांना हे सांगितले असते तर त्या पोटभर हसल्या असत्या.

देवळांपुढे मात्र प्रश्न वेगळाच उभा राहिला. जे भांड्याला चालते ते मूर्तीला चालेल काय? पंढरीस यात्रा आटोपल्यावर प्रक्षाळपूजेत विठ्ठलाच्या चरणी लिंबू आणि साखर चोळण्याचा प्रघात आहे. देवाचा शिणवटा जावा, हा त्यातील भाव किती मनोहर! पण लिंबाचे आम्ल, साखरेचे कण आणि लक्षावधी हातांचा स्पर्श यांची बेरीज पाषाणाला सोसावी लागते. मूर्तीची झीज रोखण्यासाठी तेथे पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांकडून वेळोवेळी लेप द्यावा लागला, अलीकडे २०२० साली. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ साली असेच रासायनिक संवर्धन झाले. उज्जयिनीच्या महाकाळाचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने केलेल्या सूचनांत लिंगावर साखरेची पूड चोळणे थांबवून खांडसरी वापरावी, अशीही एक सूचना होती. आणि २०२० च्या सप्टेंबरात न्यायालयाने भक्तांनी लिंग चोळू नये, असा आदेश दिला. परंपरा मोडली असा आक्षेप काहींनी घेतला. पण भांडे आणि अर्चा यांची शुद्धी वेगवेगळी, हा विवेक परंपरेलाही परका नाही. स्नपनासाठी वेगळे स्नपनबिंब ठेवण्याची आगमांतील पद्धत आणि चलमूर्तीवर अभिषेक करण्याचा आपल्याकडील परिपाठ त्याची साक्ष देतात.

याहून कमी बोलली जाणारी हानी आहे ती अक्षरांची. डिचोलीकडील कांसारांनी घडविलेल्या समया, हंड्या, घंटा, ताटे आणि कळशा देवळांत आल्या त्या बहुधा दानरूपाने, आणि त्यांवर दात्याचे नाव, गाव, कधी शके व मिती कोरलेली असे. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. त्या स्थलांतरानंतर देवाला कोणी काय वाहिले, कोणत्या गावचे महाजन कोठे विखुरले, याची नोंद कागदावर थोडी आणि धातूवर पुष्कळ होती. बांदिवड्याच्या नागेशीचा १४१३ चा शिलालेख आपण वाचू शकतो, कारण दगडाला कोणी रोज चिंच लावली नाही. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेल्या पोर्तुगीज घंटा देशावरील देवळांत टांगलेल्या आहेत. उंचावर असल्याने त्यांना कोणी घासत नाही, आणि त्यांवरील क्रूस व आकडे अजून ओळखू येतात. समई मात्र हाताशी असते. तिच्या बैठकीवरील लेख प्रत्येक सणाला थोडा थोडा उथळ होत जातो, आणि एके वर्षी बोटाला लागेनासा होतो.

यावर उपाय अवघड नाही. पाडव्याच्या किंवा जत्रेच्या आधी भांडी मांडवात काढली की घासण्यापूर्वी कोरलेल्या अक्षरांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा घ्यावा, भांड्याचे वजन आणि उंची बाजूला लिहावी, आणि तो कागद देवस्थानच्या दप्तरात लावावा. त्यानंतर राख, मग चिंच, मग पाणी. आणि अक्षरांच्या भागापुरते फक्त रिठ्याचे पाणी व मऊ फडके.